नणंद म्हणते, हा तुझा बाप्तिस्मा

मालवणकडच्या एका ताईचं पत्र आलंय. नवरा ट्रॉलरवर खलाशी होता, आता दोन वर्षं डायलिसिसवर, आठवड्यातनं दोनदा एसटीने न्यायचं, वर पदरात पाच महिन्यांचं बाळ. नणंद सांगते, "हा तुझा दुःखाचा बाप्तिस्मा आहे, देवाने दिलाय, गप सोस." ताई विचारते, असं असेल तर पुढच्या महिन्यात चर्चमध्ये बाप्तिस्मा म्हणून माझ्या लेकराच्या डोक्यावर पाणी कशाला ओतून घेऊ?

अगो बाय, नणंदेने हे मनातनं नाही काढलेलं, बायबलात आहे, पण कोण कोणाला काय म्हणतंय ते बघ ना. मार्कच्या 10 व्या अध्यायात येशूचे दोन शिष्य याकोब आणि योहान, मासे मारणाऱ्या घरातलेच, त्याच्याकडे मानाच्या जागा मागायला जातात, तेव्हा तो विचारतो की माझा प्याला, म्हणजे माझ्या वाटचं दुःख, तुम्हाला पिववेल का, माझा बाप्तिस्मा घेववेल का, आणि दोघं फटकन हो म्हणून मोकळे (याकोबाला पुढे हेरोद राजाने तलवारीने मारलं). बायबलातल्याच लूकच्या पुस्तकात तर येशू म्हणतो, मला एक बाप्तिस्मा घ्यायचाय, तो होईपर्यंत जीव नुसता कोंडलाय. आपल्या मरणाबद्दल बोलत होता तो! दमलेल्या बाईचं तोंड बंद करायला नाही वापरला त्याने हा शब्द.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच बुडणं, बुडवणं, जहाज बुडालं तरी हाच शब्द. लाट डोक्यावरनं गेली की काय होतं ते तुझ्या घरवाल्याला विचार, नाकातोंडात पाणी आणि वर कुठे खाली कुठे कळत नाही. तुझं तेच झालंय, त्याला बुडणंच म्हण. आणि मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेच देवबापाकडे मागितलं ना, जमलं तर हा प्याला टळू दे म्हणून, मग तू का गप बसायचं?

बाळाचं म्हणशील तर येशूचा प्रेषित पौल, त्याने रोमकरांना पत्रात लिहिलंय, बाप्तिस्म्यात ख्रिस्ताबरोबर मरणात जायचं ते त्याच्याबरोबर नव्याने जगायला. नणंद अर्ध्यावरच थांबली गो, पाण्याखाली. तुला पटेल तेव्हा कर, फादरना हा राग आहे तसा सांग, मी काय फादर नव्हे.

आणि नणंदेला म्हण, पुढच्या खेपेला भावाला तू घेऊन जा. चार तास बाकड्यावर बसायचं असतं, डबा मी देते.