वाचक विचारतात: केबलचं म्हातारपण

प्रश्न: नमस्कार सर, मी बोईसरला पॅनल वायरिंगची कामं करतो. ओळखीतले एक काका तारापूरहून रिटायर झालेत, ते म्हणाले की अणुभट्टीत लागणारी केबल आधी लॅबमध्येच चाळीस वर्षांची म्हातारी करून बघतात. दोन महिन्यांत चाळीस वर्षं? पटत नाही.

उत्तर: काका बरोबर सांगतायत, आणि तुम्हाला पटत नाही हेही बरोबरच आहे. उष्णतेचा भाग सोपा आहे. मोटर रिवाइंडिंगवाल्यांचा ठोकताळा तुम्ही ऐकलाच असेल, दहा डिग्री वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. आता केबल जागेवर 50 डिग्रीला राहणार आहे असं धरा आणि ती ओव्हनमध्ये 130 ला ठेवा, म्हणजे आठ वेळा निम्मं, 256 पट घाई, चाळीस वर्षांचे झाले साधारण 57 दिवस. हिशोब चोख आहे, पण एक्सएलपीई (केबलवरचं एक नेहमीचं प्लास्टिक इन्सुलेशन) घेतलं तर 105-110 डिग्रीच्या आसपास त्याच्यातले स्फटिक वितळतात, म्हणजे ओव्हनमध्ये जे म्हातारं होतं ते आणि जागेवर बसणार ते, दोन्ही एकच मटेरियल राहिलं का, हा प्रश्न उरतोच.

खरी गंमत रेडिएशनची आहे. अमेरिकेत जुन्या टेस्टमध्ये चाळीस वर्षांच्या रोजच्या कामाचे 50 मेगारॅड (रॅड हे रेडिएशनच्या डोसचं जुनं माप, मेगा म्हणजे दहा लाख) आणि अपघात झालाच तर त्याचे 150, असे मिळून 200 मेगारॅड म्हणजे आजच्या मापात 20 लाख ग्रे, कोबाल्ट-60 या गॅमा किरणांच्या स्रोतासमोर ठेवून भराभर देऊन टाकायचे. केबल पास, शिक्का, विषय संपला. आणि मग साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हरच्या रिॲक्टरमधल्या केबल्सनी सगळ्यांना तोंडघशी पाडलं. आतलं इन्सुलेशन पॉलिइथिलिनचं, वरचं जॅकेट पीव्हीसीचं, तापमान जेमतेम 43 डिग्री, आणि 12 वर्षांत डोस मिळाला जास्तीत जास्त अडीच मेगारॅड, म्हणजे टेस्टमध्ये देतात त्याच्यापुढे चिल्लर. तरी इन्सुलेशन इतकं ठिसूळ झालं होतं की वाकवलं की तडकायचं. न्यू मेक्सिकोतल्या सँडिया लॅबमधल्या केनेथ गिलन आणि रॉजर क्लफ यांनी त्याचा छडा लावला, 1981 च्या सुमारास ते छापून आलं.

कारण असं की गॅमा किरण प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडून ठेवतात आणि तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, खरं नुकसान हा ऑक्सिजन करतो. आता डोस भराभर दिला की वरच्या पातळ थरातच सगळा ऑक्सिजन संपतो, आत पोचायला त्याला वेळच मिळत नाही. मोठ्या आचेवरचं थालीपीठ जसं वरून करपतं आणि आत कच्चं राहतं, अगदी तसं. हळूहळू दिलं, वर्षानुवर्षं, की ऑक्सिजन निवांत आतपर्यंत मुरतो. शिवाय पॉलिइथिलिनमध्ये मधल्या टप्प्यावर पेरॉक्साइडं (ऑक्सिजन चिकटून बनलेली कच्ची संयुगं) साठतात, ती थोड्याशा उष्णतेनेही सावकाश फुटतात आणि पुन्हा नवी तोडफोड सुरू, त्या कामाला वेळच लागतो, लॅबमधल्या घाईत ते होतच नाही. म्हणून एकूण डोस किती एवढंच विचारून भागत नाही, तो किती दिवसांत दिला ते आधी विचारायचं. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच, बाकी तपशील आहेत.

आणि तुमच्या कामाचं सांगतो, अशी म्हातारी केबल मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, छान रीडिंग दाखवते. जोवर तडा जात नाही, ओल शिरत नाही, तोवर तिला काहीच झालेलं नसतं, निदान मीटरच्या मते. म्हणून प्लांटमध्ये तुकडा ओढून बघतात, तुटेपर्यंत किती ताणला जातो ते. नवीन चांगला माल तीनशे टक्क्यांच्या आसपास ताणला जातो, 50 टक्क्यांवर आला की वय संपलं असं साधारण धरतात.

जाता जाता, हेच रेडिएशन बेतानं दिलं, तेही जास्त ऑक्सिजन न मिळू देता, तर साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन इन्सुलेशन उलट दणकट होतं, तुम्ही रोज गरम करून चढवता ती हीट श्रिंक स्लीव्ह तशीच बनते. वाशीला बीआरआयटी या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडे अशा कामाचं इलेक्ट्रॉन बीम मशीन आहे.

प्रश्न: मग टेफ्लॉनच वापरा ना, ते 260 डिग्री सहन करतं. (डिप्लोमाची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर: उष्णतेत टेफ्लॉनसमोर पीव्हीसी उभं राहूच शकत नाही, पण रेडिएशनमध्ये टेफ्लॉन सगळ्यात आधी माघार घेतं. त्याच्या साखळ्या जोडल्या न जाता तुटतच जातात, आणि काही हजार ग्रेमध्येच ते कमकुवत व्हायला लागतं. उष्णतेत राजा आणि किरणांपुढे भुगा. पॉलिइमाइड आणि पीक (PEEK) ही प्लास्टिकं दोन्हीकडे टिकतात, फक्त किंमत विचारताना खुर्चीत बसून विचारा.

प्रश्न: आमच्या गिझरची वायर टोकाला कडक होऊन काळी पडलीय, बाकी सगळी मऊ आहे. माल डुप्लिकेट असेल का? (गृहिणी, सांगली)

उत्तर: ताई, बाकीची मऊ आहे म्हणजे मालाला दोष देण्याआधी स्क्रू बघायला सांगा. दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो, स्क्रू ढिला असेल तर तिथेच उष्णता होते. साधं पीव्हीसी 70 डिग्रीपर्यंतचं असतं, त्याच्या वर त्यात मिसळलेलं मऊ ठेवणारं तेल उडून जातं आणि उरतो तो कडक पापड. वायरमनला बोलवा, मेन बंद करून कडक झालेला भाग पूर्ण कापायला लावा, मऊ आवरण आणि चकचकीत तांबं लागेपर्यंत, आणि जळका प्लग किंवा टर्मिनल असेल तर तेही बदला, नुसती टेप गुंडाळून गेला तर पैसे देऊ नका.