नाताळची ऑफिस पार्टी: हॉल कुठला, तारीख कुठली?

प्रश्न: कंपनीत ६० कर्मचारी, घरच्यांना धरून १२० जण होतील. तरुण मंडळींना गणपतीपुळ्याकडचं रिसॉर्ट हवंय, मालक म्हणतात रत्नागिरी शहरातच करा. शहरात ‘३०० क्षमते’चा हॉल मिळतोय. घ्यावा का?
— मिरजोळे एमआयडीसी

मालकांचं ऐका. दिवसाची सहल असती तर रिसॉर्ट उत्तम. पण रात्री साडेदहाला पार्टी सुटली की आरे-वारेच्या अंधाऱ्या, वळणावळणाच्या रस्त्यानं बायकामुलांना घेऊन दुचाकीवर परतायचं असतं, त्याचं काय? शिवाय डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड. एका संध्याकाळच्या पाहुण्यांपेक्षा तीन रात्री मुक्काम करणारं गिऱ्हाईक रिसॉर्टवाल्याला कधीही परवडतं, त्यामुळे दरात घासाघीस करायला जागा उरत नाही. उघड्या लॉनवर दव पडतं ते वेगळंच. रात्री नऊनंतर खुर्च्यांची कव्हरं ओलसर, पापड सादळलेले आणि साउंडवाला मिक्सरवर प्लास्टिक झाकत बसलेला.

आता हॉलचं. ‘३०० क्षमता’ हा आकडा रांगेत खुर्च्या मांडून काढलेला असतो. माणशी ६ ते ७ चौरस फूट धरलं तर तो हॉल साधारण २००० चौरस फुटांचा. तुम्हाला गोल टेबलं मांडायची असतील तर माणशी १४ चौरस फूट लागतात. पाच फुटी टेबलाला आठ जण, म्हणजे १५ टेबलं आणि १६८० चौरस फूट. १२ बाय १६ चा स्टेज, म्हणजे आणखी २०० च्या आसपास. एका वेळी ४० जण नाचणार असतील तर अजून २००, बुफेला ३००. बेरीज २४०० च्या आसपास जाते. म्हणजे तीनशेचा हॉल तुमच्या १२० जणांना अपुरा पडतो! बुफे बाहेर व्हरांड्यात काढता येत असेल तर कसंबसं जमेल. हॉलवाला कितीही ‘बसतील हो’ म्हणाला तरी टेप घेऊन जा आणि लांबी-रुंदी स्वतः मोजा. खांब असतील तर तेवढी जागा वजा करा.

बुफेचं टेबल भिंतीला लावू देऊ नका. एका बाजूनं रांग लागली आणि एकाला वाढून घ्यायला २० सेकंद लागली, तर १२० जणांना ४० मिनिटं. टेबल मधोमध ठेवून दोन्ही बाजूंनी घेता आलं तर वीस मिनिटांत सगळ्यांच्या हातात ताट. पाण्याचा काउंटर आणि गोडाचं टेबल बुफेपासून लांब ठेवायचं, नाहीतर घेऊन झालेले तिथेच घोळका करून उभे राहतात.

जनरेटरचा प्रश्न नीट विचारा. ‘बॅकअप आहे’ याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी ‘दिवे आणि पंखे चालतील’ एवढाच असतो. एवढ्या हॉलला १२ ते १५ टनांचा एसी लागतो. तो साधारण १८ किलोवॅट खेचतो, त्यात साउंड आणि लाइटचे ६, किचन आणि दिव्यांचे ४ मिळवा: २८ किलोवॅट. २५ केव्हीएचा जनरेटर जेमतेम २० किलोवॅट देतो, म्हणजे एसी सुरू होताच जनरेटर बंद पडणार. ४० केव्हीए असेल तर निर्धास्त राहा. डिझेल कोण भरणार, हे पावतीवर लिहून घ्या.

मंगल कार्यालयाचा विचार असेल तर पहिला प्रश्न भाड्याचा नको, ‘मांसाहार चालतो का?’ हा विचारा. पुष्कळ कार्यालयांत चालत नाही, दारू तर नाहीच. आचारी बाहेरचा चालतो का, भांडी त्यांचीच घ्यावी लागतात का, हेही तेव्हाच. आणि सकाळी तिथे लग्न असेल तर हॉल हातात किती वाजता येणार? पाच वाजता मिळाला आणि सातला पाहुणे आले, तर सजावट अर्धवटच राहते.

पैसे ठरवताना ‘किमान ताटं’ किती, यावर लक्ष द्या. १२० जण सांगितलेत तर १०० ताटांची हमी द्या, वरच्या २० ताटांचा दर आधीच ठरवून घ्या. नाताळच्या पार्टीला नवरा-बायकोपैकी एकच येणारे बरेच असतात. दर करासह की कर वेगळा, हे तोंडी ऐकून सोडून देऊ नका.

परतीसाठी दोन गाड्या ठरवा, एक हातखंब्याकडे, एक पावसकडे. सुटण्याची वेळ आमंत्रणातच छापा.

प्रश्न: २४ डिसेंबरला संध्याकाळी ठेवली तर? दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे.
— लोटे परशुराम

तुमच्याकडचे ख्रिस्ती सहकारी त्या रात्री चर्चमध्ये मिस्साला असतील. ज्यांचा सण तेच गैरहजर, ही कसली पार्टी? २५ ला तर ते घरी पाहुण्यांत. डिसेंबरच्या मधल्या पंधरवड्यातला शुक्रवार किंवा शनिवार घ्या.

दुसरं, पंचांग उघडा. डिसेंबरात बहुतेक वर्षी मार्गशीर्ष असतो. पुष्कळ घरांत गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत, आणि काहींचा अख्खा महिना मांसाहार बंद. गुरुवारी पार्टी ठेवली तर सुरमई ट्रेमध्येच पडून राहते आणि वरण-भाताला रांग लागते. इतर दिवशीही त्या महिन्यात शाकाहारी ताटं निम्म्याहून जास्त धरा.

कारखान्यात तीन पाळ्या असतील तर दुपारची पार्टी जास्त सोयीची. सकाळची पाळी तीनला सुटते. साडेतीन ते सात ठेवलीत तर सकाळची पाळी आणि जनरल (दिवसाची) पाळी दोन्ही येतात, आणि दुसऱ्या पाळीसाठी वेगळं जेवण कारखान्यातच पाठवता येतं. त्यांना विसरू नका. वर्षभर ऐकून घ्यावं लागेल.

प्रश्न: डीजे आणि बिअर ठेवायची आहे. परवानगी कुठली लागते?
— चिपळूण

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद. वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत असते, ती यादी जिल्हाधिकारी कार्यालय जाहीर करतं. तुमची तारीख तीत आहे का, बघा. बंदिस्त हॉलला दहाची अट नसली तरी आवाज बाहेर गेला तर तक्रार होतेच, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. खिडक्या रस्त्याकडे उघडणारा हॉल डीजेसाठी घेऊ नका.

बिअरसाठी परवाना असलेलं हॉटेल सोपं पडतं. साध्या हॉलमध्ये द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना काढा, आणि तो हॉलच्या मालकालाही दाखवून ठेवा. बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. अ‍ॅप्रेंटिस पोरांच्या बाबतीत हे विसरलं जातं.

सजावटीत थर्माकोल नको, राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बर्फाचा स्प्रे आणाल तर मेणबत्त्यांजवळ नको, त्यातला वायू पेट घेतो. फरशीवर पडला की ती गुळगुळीत होऊन नाचणारे घसरतात.

प्रश्न: आम्ही फक्त १४ जण. हॉल परवडत नाही.
— कुडाळ

हॉल कशाला? जेवणाच्या हॉटेलात मागची बाजू किंवा माडी सात ते दहा राखून घ्या, भाड्याऐवजी ठरावीक बिलाची हमी द्या. लांब एकच टेबल लावलंत तर दोन टोकांचे एकमेकांशी बोलतच नाहीत. सात-सात जणांची दोन टेबलं बरी. केक माणशी ८० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो पुरे. प्लम केकमध्ये बहुधा अंडं असतं, कधी रमही, तेव्हा अर्धा किलो बिनअंड्याचा वेगळा मागवा आणि त्याची सुरीही वेगळी ठेवा.