वाचकांचे प्रश्न : दुबईत जुना फ्लॅट घेताना

प्रश्न : मी नोकरीनिमित्त दुबईत राहतो. 12 लाख दिरहमचा जुना फ्लॅट कर्ज काढून घ्यायचा आहे. पहिलंच घर. 20 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार जमवलेत. पुरतील का? फ्लॅटमध्ये सध्या भाडेकरू आहे.

उत्तर : नाही पुरणार. भूमी विभागाची हस्तांतरण फी 4 टक्के, म्हणजे 48 हजार. व्यवहारात ती खरेदीदाराच्याच माथी येते. दलाली साधारण 2 टक्के, वर व्हॅट : 25,200. गहाण नोंदणी कर्जाच्या पाव टक्का अधिक 290, हस्तांतरण जिथे नोंदवलं जातं त्या ट्रस्टी कार्यालयाचे 4,200, शिवाय बँकेचं मूल्यांकन. एकूण सव्वातीन लाखांची तयारी ठेवा. 2025 पासून बँका फी आणि दलाली कर्जात धरत नाहीत. मूल्यांकन 11 लाख 50 हजारच आलं, तर कर्ज त्याच्या 80 टक्के. वरचे 50 हजार तुमच्या खिशातून.

त्यामुळे मूल्यांकनाआधी फॉर्म एफवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या करारावर, सही करून 10 टक्के अनामतीचा चेक देण्याची घाई नको. द्यायचाच असेल, तर कर्ज नाकारलं गेल्यास चेक परत मिळेल, ही अट लिहून घ्या. बिल्डरचं ना-हरकत पत्र विक्रेत्याची सर्व्हिस चार्जची थकबाकी चुकती झाल्याशिवाय निघत नाही. बरेच व्यवहार इथेच रखडतात.

भाडेकरूचं म्हणाल, तर स्वतः राहायला जायचं असलं तरी नोटरी किंवा रजिस्टर्ड टपालाने 12 महिन्यांची नोटीस लागते. व्हॉट्सअॅपवरचा निरोप चालत नाही.