वाचकांचे प्रश्न : पासबुकावर चाललेलं राज्य

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाबद्दल ‘वेगळी बाकं, वेगळे डबे’ एवढंच असतं. तेवढ्याने बहुसंख्य प्रजा इतकी वर्षं ताब्यात कशी राहील?
(एक विद्यार्थी, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : राहणारच नाही. बाकांचा कायदा १९५३चा, आणि तो या व्यवस्थेचा सगळ्यात वरवरचा भाग. खरी पकड होती जमीन आणि कागद यांची. जमिनीचं काम वर्णद्वेषाचं धोरण राबवणारी गोऱ्यांची नॅशनल पार्टी १९४८ मध्ये सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी उरकलेलं होतं. १९१३च्या कायद्याने काळ्या लोकांसाठी देशातली जेमतेम ७ टक्के जमीन राखली. १९३६ मध्ये ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास नेली. तेवढ्यात पोट भरेना, म्हणून माणूस खाणीकडे, शहराकडे निघणारच. शहरात शिरला की कागद आडवा.

या पक्षाचे पंतप्रधान मलान यांच्या सरकारने १९५० मध्ये दोन कायदे केले. लोकसंख्या नोंदणीने प्रत्येकावर वंशाचा शिक्का मारला आणि वस्ती-क्षेत्र कायद्याने त्या शिक्क्याप्रमाणे राहायची जागा ठरवली. केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी जाहीर झाला. तिथून ६० हजारांवर माणसं उठवली गेली. वंश ठरवायचा तो दिसण्यावरून आणि चारचौघांत कोण म्हणून ओळखतात त्यावरून. केसांत पेन्सिल खोचून ती खाली पडते की अडकते, हेही पाहत. त्यामुळे एकाच घरातल्या माणसांवर वेगवेगळे शिक्के बसत. जपानी व्यापाऱ्यांना मात्र गोऱ्यांच्या वस्तीत राहता येई आणि चिन्यांना नाही, कारण जपान तिथलं लोखंड विकत घेत होता. वंशशास्त्राची एवढीच काय ती खोली!

प्रश्न : पास म्हणजे नेमकं काय? गावाहून आलेल्या माणसाला शहरात कायमचं राहताच येत नसे का?
(निवृत्त शिक्षिका, मुरार)

उत्तर : पास म्हणजे छोटी वही. १९५२च्या कायद्याने ती सोळा वर्षांवरच्या काळ्या पुरुषांना सक्तीची झाली, पुढे बायकांनाही. तीत फोटो, कर भरल्याची नोंद, कोणत्या भागात राहायची परवानगी आहे तो शिक्का, आणि दर महिन्याला मालकाची सही. सही राहिली किंवा वही घरी विसरली, तरी अटक.

राहण्याचा हक्क शहरी क्षेत्र कायद्याच्या कलम १० वर ठरे. परवानगीशिवाय मुक्काम ७२ तास, बस. त्याहून जास्त राहायचं तर तुम्ही त्याच शहरात जन्मून सतत तिथेच राहिलेले हवेत. नाहीतर एकाच मालकाकडे सलग १० वर्षं नोकरी किंवा कायदेशीर वास्तव्याची सलग १५ वर्षं. अशा माणसाची बायको, अविवाहित मुली आणि अज्ञान मुलगे त्याच्या हक्कावर राहत. बाकीच्यांना मजूर कार्यालयाच्या चिठ्ठीवर.

मेख ‘सलग’ या अटीत होती. मालक बदलला की दहा वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून. मुलगा सज्ञान झाला की बापाच्या हक्कावर राहणं संपलं. आणि १९६८ पासून बाहेरगावच्या मजुराचा करार एक-एक वर्षाचाच होई. वर्ष संपलं की गावी जायचं आणि नवा करार करून यायचं. मग सलग दहा वर्षं भरणार कशी? १९८३ मध्ये रिखोतो नावाच्या मजुराच्या खटल्यात तिथल्या वरिष्ठ अपील न्यायालयाने सांगितलं की या वार्षिक फेरीने नोकरीचं सातत्य तुटत नाही. तोवर कित्येकांची उमेदीची वर्षं निघून गेली होती.

प्रश्न : ही राजवट बहिष्काराने पडली की मंडेलांमुळे?
(दाल बाजार, ग्वाल्हेर)

उत्तर : नुसत्या बहिष्काराने नाही. तेल अडवलं तर त्यांनी कोळशापासून तेल काढलं. वर्मी घाव आतून बसला. कारखान्यांना शिकलेला, टिकून राहणारा कामगार हवा होता आणि कायदा त्याला दरवर्षी गावी धाडत होता. १९७३ मध्ये डर्बनला विटांच्या कारखान्यातून सुरू झालेला संप शहरभर पसरला. १९७९ मध्ये काळ्यांच्या कामगार संघटनांना मान्यता द्यावी लागली. मधे १९७६ मध्ये शाळांत आफ्रिकान्सची, म्हणजे सत्ताधारी गोऱ्यांच्या भाषेची सक्ती झाली आणि जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली पोरं रस्त्यावर उतरली. १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला नकार दिला, रँड हे तिथलं चलन कोसळलं, सरकारला परतफेड थांबवावी लागली. दुसऱ्याच वर्षी पास गेला. मंडेला सुटले ते ११ फेब्रुवारी १९९० ला, म्हणजे पास रद्द झाल्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळाने.

प्रश्न : १२ नोव्हेंबर १९९१ ला आपल्या रूपसिंग स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ३८ धावांनी हरवलं. तोवर वर्णद्वेष संपला होता का? घरातल्या जुन्या पासपोर्टवर तर ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असं छापलंय.
(शिंदे की छावणी, ग्वाल्हेर)

उत्तर : अर्धाच संपला होता. भारताने व्यापार तोडला तो १९४६ मध्ये, तिथल्या भारतीयांच्या जमीनहक्कांवर गदा आली म्हणून. पासपोर्टवरची अट त्याच धोरणातली. १९९१च्या मध्यावर जमीन, वस्ती आणि नोंदणी हे तिन्ही कायदे रद्द झाले, आणि जुलैमध्ये आयसीसीने दक्षिण आफ्रिकेच्या संघाला परत घेतलं. एएनसी या मंडेलांच्या पक्षाचाही त्याला पाठिंबा होता. पण नोंदणी थांबली ती नव्याने जन्मणाऱ्यांची. आधीचे शिक्के नवी राज्यघटना येईपर्यंत कायम. ग्वाल्हेरच्या सामन्याच्या दिवशी तिथल्या संसदेत एकही काळा सभासद नव्हता. वाटाघाटी चालू ठेवायच्या की नाही, यावर मार्च १९९२ मध्ये कौल घेतला गेला तोही फक्त गोऱ्यांचा, ६८.७ टक्के ‘हो’ म्हणाले. आपले राजनैतिक संबंध नोव्हेंबर १९९३ मध्ये जुळले. सर्वांना मत मिळालं ते एप्रिल १९९४ मध्ये, आणि तेव्हा मतदारयादीच नव्हती. म्हणून अठरा पूर्ण झालेल्या कुणीही ओळखपत्र किंवा तात्पुरतं मतदारकार्ड दाखवायचं, हाताला शाई लावून घ्यायची आणि मत टाकायचं, अशी सोय केली होती.