माइनक्राफ्ट या गेमच्या सर्व्हायव्हलमध्ये (जीव वाचवून टिकून राहायच्या प्रकारात) दोन-तीन रात्रींच्या पुढे टिकत नाही, हिरेही सापडत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जळगावला असता, मोबाईलवर खेळता, आणि पहिल्याच दिवशी पिकॅक्स घेऊन गुहेत शिरता. अडचण तिथेच आहे. आधी शेत, मग खाण, हा क्रम धरा. मी चोपड्याकडचा, शेतकरी घरातला, म्हणून असं म्हणतोय असं वाटेल. पण खेळाची रचनाच तशी आहे. भुकेची पट्टी जवळपास भरलेली असेल तरच जखमा आपोआप भरतात, आणि ती तीन तंगड्यांवर (पट्टीवरची कोंबडीच्या तंगडीची चित्रं) आली की पळताच येत नाही. गुहेत उपाशीपोटी क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) समोर आला तर मग संपलंच.

पहिल्या दिवशी एवढंच करा: एकाच रंगाच्या मेंढ्यांची तीन लोकर आणि तीन फळ्या घेऊन बेड बनवा. खेळातला अख्खा दिवस-रात्र २० मिनिटांचा, त्यामुळे अंधार पडायच्या आत चार भिंती उभ्या राहायला हव्यात. कोळसा सापडला नाही तर लाकडाचे ओंडके फर्नेसमध्ये (भट्टीत) जाळा, लोणारी कोळसा मिळतो, त्याच्या टॉर्च (मशाली) तशाच होतात. २०२१ च्या १.१८ अपडेटपासून बहुतेक राक्षस पूर्ण अंधारातच जन्मतात, म्हणून घराभोवती दहा-बारा ब्लॉकवर (ठोकळ्यांवर) एक टॉर्च पुरते.

आता शेत. गवत तोडत राहा, त्यातून गव्हाचं बी निघतं. मधोमध एक ब्लॉक खोदून त्यात पाणी ओता. ते पाणी चारही बाजूंना चार-चार ब्लॉक ओल देतं, म्हणजे ९ बाय ९ चा चौकोन होतो आणि मधलं पाणी सोडून ८० ब्लॉक पेरता येतात. पाण्याची बादली अजून नसेल तर नदी-तळ्याच्या काठालाच कुदळ चालवा, कोरड्या जागी पीक फार रेंगाळतं.

पेरताना एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. सगळीकडे सलग गहू लावला तर तो हळू वाढतो. एक ओळ गव्हाची, एक बटाट्याची किंवा गाजराची, अशी एकाआड एक लावली तर वेग बराच वाढतो. आपल्याकडे कपाशीत उडीद-मूग घेतात ना, अगदी तसं दिसतं. बटाटे-गाजरं बहुधा गावांच्या शेतांत मिळतात, तिथून एक-दोन आणले तरी पुरतात. पिकावर उडी मारू नका, माती मोडते आणि पीक उपटलं जातं. कुंपण घाला आणि शेतातही टॉर्च लावा, म्हणजे रात्रीही वाढ चालू राहते. गहू पूर्ण पिवळा झाला की कापा, त्याआधी कापलात तर नुसतं बी हाती येतं. तीन गव्हांचा एक पाव. बटाटा मात्र भाजूनच खा, कच्च्यात दम नाही.

आणि शेत घरापासून लांब करू नका. तुम्ही आसपास असाल तेवढाच भाग खेळ चालू ठेवतो. दूर गेलात की पीक जागच्या जागी थांबतं. पण खोली त्यात मोजत नाही. म्हणून खाण शेताच्या खालीच खोदा! तुम्ही खाली कितीही खोल असलात तरी वर गहू वाढतच राहतो. माझ्या मते अख्ख्या खेळातली सगळ्यात कामाची युक्ती हीच.

लोखंड हाती आलं की पहिला तुकडा ढालीला, पुढचे तीन बादलीला. तलवार दगडाचीही चालते. ढाल समोर धरली तर क्रीपरचा स्फोटही अडतो, मोबाईलवर त्यासाठी वाकायचं बटण दाबा.

हिऱ्यांसाठी जगाच्या सेटिंगमध्ये ‘शो कोऑर्डिनेट्स’ चालू करा. मधला आकडा म्हणजे उंची. तो वजा ५९ च्या आसपास आला की हिरे सर्वांत जास्त असतात. तिथे लावाही भरपूर, म्हणून पायाखालचं सरळ खणत जाऊ नका, पायऱ्या काढा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. हिरा फोडायला किमान लोखंडी पिकॅक्स लागते. उतरण्याआधी नको ते सामान चेस्टमध्ये टाकून जा. तरीही मेलात तर सांडलेल्या वस्तू पाच मिनिटं राहतात, पण तो वेळ तुम्ही त्या जागेजवळ असतानाच मोजला जातो. मेल्यावर तुम्ही बेडपाशी पुन्हा उभे राहता; तो खूप लांब असेल तर घाबरून धावत सुटू नका, आधी थोडं खाऊन घ्या. लावात पडलेलं मात्र गेलंच.

खाण नकोच असेल तर गावातल्या शेतकऱ्याला २० गहू देऊन एक पाचू मिळतो, आणि पाचूंवर चिलखतवाला पुढे हिऱ्याचं चिलखतही विकतो.

राहिला फोन. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तो तापून अडखळतो. सेटिंगमधलं रेंडर डिस्टन्स (किती लांबवरचं दिसावं ते) कमी करा, चार्जिंगला लावून खेळू नका.