अर्ज एकविशीच्या आत, आणि तिच्याच सहीने

प्रश्न : नवव्या वर्षापासून बालगृहात असलेली एक मुलगी सोळाव्या वर्षी बालकल्याण समितीच्या आदेशाने प्रतिपालक (फॉस्टर) कुटुंब म्हणून आमच्याकडे आली. अठरा पूर्ण झाल्यावरही ती आमच्याकडेच राहिली. सध्या बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यजमान निवृत्त झाल्यापासून फी आणि वसतिगृहाचा खर्च झेपत नाही. तिची आई हयात असल्यामुळे अनाथ प्रमाणपत्र मिळालं नाही. दोन वर्षं बालगृहाचे अधीक्षक आणि जिल्ह्याचं कार्यालय यांच्याकडे खेटे घालते आहे. कुणी म्हणतं 'ती आता सज्ञान आहे', कुणी म्हणतं 'ती संस्थेतून नाही, तुमच्या घरातून बाहेर पडली'. चार महिन्यांनी ती 21 पूर्ण करेल. काही मार्ग आहे का?

उत्तर : ताई, मार्ग आहे, पण तो चार महिन्यांनी बंद होतो. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही कोणाकोणाला भेटलात ते सगळं आहे, पण बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज दिल्याचा उल्लेख कुठेही नाही. प्रवेशाच्या दिवसांत अशी पत्रं येतात आणि बहुतेकांत हीच एक गोष्ट राहून गेलेली असते. अधीक्षक भले असतील, कार्यालयातले साहेब सहानुभूतीने बोलत असतील, पण अनुरक्षण, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या सज्ञान मुलांना मिळणारा आधार, मंजूर करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. ते समितीच्या आदेशाने मिळतं. तोंडी विनंतीवर आदेश निघत नाही, त्यामुळे तुमची दोन वर्षं कायद्याच्या हिशेबात धरलीच जाणार नाहीत. हे मला स्पष्ट सांगावं लागतंय, कारण उरलेले चार महिनेही तसेच गेलेले मला बघायचे नाहीत.

अनाथ प्रमाणपत्राचा विषय आधी बाजूला ठेवा. ते प्रमाणपत्र महाराष्ट्रात 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत मिळणाऱ्या 1 टक्का आरक्षणासाठी लागतं. आई हयात असेल तर ते मिळणं अवघडच. पण अनुरक्षणाला आईवडील आहेत की नाहीत हा प्रश्नच नाही. बालन्याय अधिनियम, 2015 च्या कलम 2(5) मध्ये त्याची व्याख्या आहे. वयाची 18 वर्षं पूर्ण झालेल्या पण 21 पूर्ण न झालेल्या आणि संस्थेतली देखभाल सोडून आलेल्या व्यक्तीला आर्थिक किंवा इतर आधार, एवढंच तिथे म्हटलं आहे. प्रमाणपत्र नाकारलं गेलं तेव्हा 'आता काहीच मिळणार नाही' असं तुम्ही धरून चाललात, आणि खिडकीवर बसलेल्या माणसानेही तुम्हाला वेगळं सांगितलं नाही.

'ती सज्ञान आहे' हे कारण तर ऐकूनही घेऊ नका. ही तरतूदच मुळी सज्ञान झालेल्यांसाठी आहे.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. याच अधिनियमाखालच्या केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांतला नियम 25 सांगतो की समितीच्या आदेशाने 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण देता येतं, आणि अपवादात्मक परिस्थितीत 21 पूर्ण झाल्यावर आणखी दोन वर्षं. म्हणजे 23 पर्यंत. तुमच्या मुलीचा नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, त्यामुळे तिला खरी गरज या वाढीव दोन वर्षांची आहे. पण वाढ मागायला आधी काहीतरी चालू असावं लागतं. 21 च्या आत मूळ आदेश झाला नसेल तर 'वाढवा' कशाला म्हणायचं, असा प्रश्न समोरून येणार आणि त्याचं उत्तर देणं जड जाणार. म्हणून एकाच अर्जात दोन्ही मागण्या करा : आजपासून 21 पर्यंत अनुरक्षण, आणि शिक्षण अपुरं असल्यामुळे पुढची दोन वर्षं मुदतवाढ. राज्याचे स्वतःचे 2018 चे नियम आहेत, त्यांचाही उल्लेख अर्जात असू द्या.

तुम्ही 'चार महिने' म्हणता ते कोणत्या तारखेवरून? आधारवरच्या तारखेवरून मोजले असतील तर थांबा. कागदपत्रांशिवाय बालगृहात आलेल्या मुलांच्या बाबतीत मी हे वारंवार पाहिलं आहे : शाळेच्या दाखल्यावर 1 जून, आधारवर तीच किंवा तिसरीच तारीख, आणि समितीच्या पहिल्या आदेशात वेगळंच वय. कलम 94 प्रमाणे समितीने नोंदवलेलं वय या कायद्यापुरतं खरं वय मानलं जातं. त्या आदेशात वय काही महिन्यांनी जास्त धरलेलं असेल तर तुमच्या हातात चार महिने नसून चार आठवडेही नसतील. तेव्हा पहिलं काम हे की समितीकडून दोन आदेशांच्या प्रमाणित प्रती मागा. एक तिला बालगृहात दाखल केल्याचा, दुसरा तुमच्याकडे सोपवल्याचा. पण प्रती हातात येईपर्यंत मूळ अर्ज अडवून ठेवू नका. तो आधी दाखल करा आणि कागद नंतर जोडा. यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. त्याच्या उत्तरालाच 30 दिवसांची मुदत असते.

अर्जावर सही मुलीची हवी. तुमचं मन दुखावेल, पण तुमचं प्रतिपालकत्व ती 18 ची झाली त्या दिवशी कायद्याने संपलं. तुम्ही सोबत स्वतंत्र पत्र जोडा : ती कधीपासून तुमच्याकडे राहते, आजवर कोणता खर्च तुम्ही केला, आता का जमत नाही. कॉलेजचं बोनाफाईड, फीच्या पावत्या, मागच्या वर्षाची गुणपत्रिका जोडा. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तीच प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या आणि तिचीही पोच घ्या.

'संस्थेतून नाही, तुमच्या घरातून बाहेर पडली' हा आक्षेप मात्र अगदीच पोकळ नाही. कलम 46 मध्ये 18 पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्या मुलाचा उल्लेख आहे आणि तुमची मुलगी सोळाव्या वर्षीच संस्थेतून निघाली. यावर माझं म्हणणं असं की कलम 2(5) मधल्या व्याख्येत संस्था 18 व्या वर्षीच सोडलेली असावी अशी अट नाही, कोणतीही संस्थात्मक देखभाल सोडून आलेली व्यक्ती एवढंच आहे. ती सात वर्षं संस्थेत होती आणि तिथून समितीच्याच आदेशाने तुमच्याकडे आली. त्याच समितीने आपल्याच आदेशाचा तोटा तिच्या पदरात टाकावा, हे मला पटत नाही. कुटुंबात वाढण्याला कायदा संस्थेपेक्षा वरचं स्थान देतो. मग कुटुंब मिळालं म्हणून कॉलेजच्या वेळी तिचा आधार काढून घेणं त्या कायद्याच्या हेतूशी जुळत नाही. अर्जात हा परिच्छेद ठळकपणे घाला. समिती तो मान्य करेलच अशी खात्री कुणीही वकील देऊ शकणार नाही. शिवाय कलम 46 मधली भाषा 'देता येईल' अशी आहे, 'दिलंच पाहिजे' अशी नाही.

नियम 25 मध्येच आणखी एक गोष्ट आहे जी तुमच्या बाजूने वापरता येईल. मूल संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), बालकल्याण अधिकारी किंवा समाजसेवकाने त्याच्या पुढच्या आयुष्याची योजना करून समितीपुढे ठेवायची असते. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती झाली का, हे अर्जात विचारा. झाली नसेल, आणि माझा अंदाज तोच आहे, तर उशिराचं सगळं खापर तुमच्यावर फुटणार नाही. मुलांना अठराव्या वाढदिवशी हातात पिशवी देऊन निरोप द्यायचा आणि योजनेचा कागद कोरा ठेवायचा, हे जिथे जिथे होतं तिथे कायदा मोडला जातोय असं मी म्हणेन.

समिती बसतच नसेल तर? मुदत संपून नवी नेमणूक रखडल्याची उदाहरणं कमी नाहीत. अशा वेळी शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार दिलेला असतो. तो कोणाकडे आहे हे बाल संरक्षण कक्षाला लेखी विचारा आणि अर्ज तिथे न्या. समिती बसते पण अर्जाला हात लावत नाही, अशी स्थिती असेल तर समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. तीन आठवड्यांत सुनावणीची तारीख मिळाली नाही तर ती तक्रार टाकाच. अर्ज फेटाळला गेला तर कलम 101 प्रमाणे 30 दिवसांत अपील. लक्षात ठेवा, समितीच्या इतर आदेशांवरचं अपील बाल न्यायालयात जातं, पण अनुरक्षणाच्या निर्णयावरचं जिल्हाधिकाऱ्यांकडे. चुकीच्या दारात अपील ठेवून मुदत घालवलेले लोक मी पाहिले आहेत. उच्च न्यायालयात रिट हा शेवटचा मार्ग, आणि तिथे तारखा कशा पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिचं तिसरं वर्ष त्यात निघून जाईल.

रकमेबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी दरमहा 4,000 रुपये धरले आहेत. नर्सिंगची फी त्यात भागणार नाही, वसतिगृह आणि मेसचा भार मात्र हलका होईल. नियम 25 मध्ये उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचाही उल्लेख आहे, तो मुद्दा अर्जात वेगळा मांडा. मंजूर रक्कम थेट तिच्या खात्यात जाते, म्हणून तिच्या स्वतःच्या नावाचं खातं सुरू आहे ना, केवायसी पूर्ण आहे ना, हे या आठवड्यातच बघून घ्या आणि पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत अर्जाला जोडा.