नेटलिंकवर आधी ऐकायला शीक

प्रिय मित्रा,

तुझा प्रोग्राम सावकाश वाचला. एक लिंक गेली की नेटवर्कची रहदारी आपोआप दुसऱ्या गेटवेवर (पुढच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या मशीनवर) वळवायची, ही कल्पना चांगली आहे आणि कामाचीही. पण दर काही सेकंदांनी आतून 'आयपी राउट' (राउट, म्हणजे कोणत्या पत्त्याची रहदारी कुठून जाते, ते दाखवणारी) कमांड चालवायची, तिचं छापून आलेलं उत्तर शब्दाशब्दाने फोडायचं आणि त्यावर निर्णय घ्यायचा, एवढा भाग तू काढून टाकावास असं मला वाटतं. ते छापील उत्तर माणसांनी वाचण्यासाठी असतं. शिवाय दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात काय घडलं, ते तुला कधीच कळत नाही. ती कमांड स्वतः एक सॉकेट (संदेशांची देवाणघेवाण करायची वाट) उघडून कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचारते. तूही तोच सॉकेट उघड.

लिनक्सवर त्याचं नाव नेटलिंक. इंटरफेस, पत्ते, राउट, एआरपीच्या नोंदी (कोणत्या आयपी पत्त्याला कोणता मॅक पत्ता) हे सगळं त्यातल्या ० क्रमांकाच्या प्रोटोकॉलवर चालतं. 'आयएफकॉन्फिग' आणि 'राउट' या जुन्या कमांड आयओसीटीएलवर (कर्नेलला विनंती करायच्या जुन्या पद्धतीवर) बांधलेल्या होत्या. एका विनंतीला एक ठरावीक साचा, त्यात नवीन काही बसवायला जागा नाही आणि कर्नेलने आपणहून काही सांगायची सोयही नाही. एकाच इंटरफेसवर लेबल न देता टाकलेला दुसरा पत्ता जुन्या आयएफकॉन्फिगला दिसत नाही, त्याचं मूळ हेच. अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी आयपीराउट२ (ज्यात 'आयपी' कमांड येते तो संच) लिहिलं ते नेटलिंकच्या आधाराने. या संदेशांची रचना २००३ मधल्या आरएफसी ३५४९ या दस्तऐवजात मिळेल. जुनी आहे, तरी एकदा वाच.

पहिला संदेश मात्र लायब्ररी न घेता स्वतः रच. १०.२०.३०.०/२४ हे नेटवर्क १९२.१६८.५०.२ या गेटवेमार्गे, अमुक इंटरफेसवरून, एवढंच कर्नेलला सांगायचंय असं धर. सगळ्या नेटलिंक संदेशांना असतो तो हेडर १६ बाइटचा. त्यामागे राउटचा स्वतःचा १२ बाइटचा भाग: पत्त्याचं कुटुंब, प्रीफिक्सची लांबी, टेबल, प्रोटोकॉल, स्कोप, प्रकार. मग तीन अ‍ॅट्रिब्यूट: गंतव्य (क्रमांक १), बाहेर पडणारा इंटरफेस (४), गेटवे (५). प्रत्येकी ४ बाइटचं शीर्ष आणि ४ बाइटचा मजकूर. बेरीज ५२. म्हणजे तुझ्या इंटेल मशीनवर संदेशाची सुरुवात हेक्समध्ये ३४ ०० ०० ०० अशी दिसायला हवी. पुढे १८ ००, म्हणजे प्रकार २४, नवीन राउट. त्यापुढे ०५ ०६. हे चार फ्लॅग (हो-नाहीच्या खुणा) एकत्र आलेत: विनंती, पोच हवी, नसेल तर तयार कर, असेल तर नकार दे.

हे आकडे एकदा कागदावर लिहून काढलेस की दोन गोष्टी कायमच्या डोक्यात बसतील. एक म्हणजे हेडरमधले आकडे मशीनच्या बाइट-क्रमाने जातात (इंटेलवर लहान बाइट आधी) आणि आयपी पत्ते नेटवर्कच्या क्रमाने (मोठा बाइट आधी), आणि दोन्ही एकाच संदेशात. दुसरी म्हणजे अ‍ॅट्रिब्यूटच्या लांबीत त्याचं शीर्ष धरलेलं असतं, पण ४ च्या पटीत आणण्यासाठी मागे भरलेले रिकामे बाइट धरलेले नसतात. ६ बाइटचा मॅक पत्ता वाचताना हे विसरलं की पुढचं प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट चुकीच्या जागेवरून वाचलं जातं आणि चूक भलतीकडेच दिसते. एवढं झालं की खुशाल लिबएमएनएल ही लायब्ररी घे, पायथनमध्ये असशील तर पायराउट२ घे. हाताने सगळं लिहिण्यात मोठेपणा नाही.

हेडरमधला शेवटचा आकडा प्रोसेस आयडी आहे असं पुष्कळांना वाटतं, कारण त्याचं नावच तसं आहे. तो सॉकेटचा पोर्ट क्रमांक आहे. सॉकेट बाइंड करताना (त्याला क्रमांक जोडताना) ० दे, कर्नेल स्वतः ठरवेल. आलेला संदेश उघडण्याआधी पाठवणाऱ्याचा क्रमांक ० आहे ना, म्हणजे तो खरोखर कर्नेलकडून आलाय ना, हे मात्र न चुकता तपास.

संदेश पाठवणं एवढंच. अवघड असतं ते ऐकणं, आणि हे पत्र मी त्याचसाठी लिहायला घेतलं.

आधी पोच. कर्नेल काम झाल्याचंही 'एरर' प्रकाराच्याच संदेशाने कळवतं, फक्त आत आकडा ० असतो. काम फसलं तर ऋण आकडा. -१७ म्हणजे तो राउट आधीच आहे. पडद्यावर 'फाइल एक्झिस्ट्स' असं उमटतं आणि नवी माणसं फाइल शोधत बसतात. -१०१ म्हणजे नेटवर्कपर्यंत पोचता येत नाही. बहुतेक वेळा तू दिलेला गेटवेच कुठल्या जोडलेल्या इंटरफेसवरून गाठता येत नसतो. नुसत्या आकड्यांवर अंदाज बांधत बसू नकोस. ४.१२ पासूनच्या कर्नेलमध्ये सॉकेटवर विस्तारित पोच मागता येते, मग नकाराबरोबर अनेकदा कारणाचं वाक्यही येतं. ती एक ओळ तुझ्या कोडमध्ये आजच टाक.

मग राउटांच्या टेबलाची प्रत, म्हणजे डंप. सगळे राउट हवेत तर डंप मागायचा. तुकड्यांनी उत्तर येतं, शेवटी 'डन' प्रकाराचा संदेश. वाचायचा बफर ३२ किलोबाइटचा ठेव, लहान असेल तर संदेश तुटतो. पण डंप हातात आला म्हणजे तुझ्याकडे टेबल आलं असं समजू नकोस. सातबाऱ्याचा उतारा ज्या दिवशी काढला त्या दिवसापुरता खरा, पुढचे फेरफार त्यात नसतात, डंपही तसाच. म्हणून क्रम असा ठेव: आधी कर्नेल ज्यांवर बदल कळवतं त्या नेटलिंक गटांचं सदस्यत्व घे, मग डंप माग, आणि डंप चालू असताना आलेले बदल त्यावर लाव. उलट केलंस तर मधल्या क्षणी झालेला बदल कायमचा निसटेल. डंपच्या संदेशांत 'मध्येच बदल झाला' हा फ्लॅग दिसला तर ती प्रत टाकून दे आणि पुन्हा माग.

बदल येण्याचा वेग तुझ्या वाचण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की सॉकेटचा बफर भरतो आणि वाचताना ईनोबफ्स ही चूक मिळते. ती लॉगमध्ये नोंदवून पुढे जाणारं कोड मी पुष्कळ पाहिलंय. तिचा अर्थ स्पष्ट आहे: काही संदेश हरवले, कोणते ते कोणीच सांगू शकत नाही, तुझ्याजवळच्या प्रतीवर आता विसंबता येणार नाही. अशा वेळी नवा डंप घेऊन सगळं पहिल्यापासून जुळवायचं. बफर वाढव, जरूर वाढव, पण ही वाट लिहिल्याशिवाय प्रोग्राम पूर्ण झाला असं मानू नकोस.

आणि तुझ्या कामात सगळ्यात जास्त नडेल ती गोष्ट. इंटरफेस डाउन केला की त्याच्यावरचे आयपीव्ही४ राउट कर्नेल काढून टाकतं, पण त्या राउटांसाठी 'राउट गेला' असा संदेश पाठवत नाही. आयपीव्ही६ मध्ये असे संदेश मुळात येतात, तिथे ते बंद करण्याची सेटिंग आहे. आयपीव्ही४ मध्ये तुला फक्त इंटरफेसचा संदेश मिळतो, तोही 'नवीन लिंक' याच प्रकाराचा, आतला अप फ्लॅग उतरवलेला. त्यावरून आपले राउट गेले हे तुझं तुलाच ताडावं लागतं. पुढे इंटरफेस परत वर आला की थेट जोडलेल्या नेटवर्कचा राउट कर्नेल परत टाकतं, गेटवेमार्गे टाकलेला तुझा राउट टाकत नाही. तो परत टाकणं तुझं काम.

केबल निघाली तर चित्र निराळं असतं. इंटरफेस अपच राहतो, कॅरिअर (तारेवरचा सिग्नल) तेवढा जातो. राउट टेबलात राहतात, त्यांच्यापुढे 'लिंकडाउन' अशी खूण लागते, आणि वेगळी सेटिंग केलेली नसेल तर कर्नेल त्यांना वगळतही नाही. तुझा प्रोग्राम नेमका याच प्रसंगासाठी आहे, आणि तू आत्ता फक्त अप फ्लॅग बघतोयस. कॅरिअर आहे का ते सांगणारा लोअर-अप फ्लॅगही बघ.

टेबलात लिहिणारा तू एकटा नाहीस, हेही लक्षात असू दे. त्याच मशीनवर डीएचसीपी क्लायंट (पत्ता आपोआप मिळवणारा) असतो, नेटवर्क मॅनेजर असतो, व्हीपीएन असतं, कधी बर्डसारखा राउटिंग डेमन (मागे चालून राउट सांभाळणारा प्रोग्राम) असतो. म्हणून प्रत्येक राउटवर प्रोटोकॉलचा आकडा असतो: कर्नेलचा स्वतःचा २, 'स्टॅटिक' म्हणून टाकलेल्याचा ४, बर्डचा १२. तू तुझ्यासाठी कोणी न घेतलेला एक आकडा ठरव, तोच सगळीकडे वापर. काढण्याच्या विनंतीतही तो भर; आयपीव्ही४ मध्ये मग दुसऱ्या प्रोटोकॉलचा राउट चुकूनही तुझ्या हातून जात नाही. 'असेल तर बदल' हा फ्लॅग वापरताना मेट्रिक (राउटच्या प्राधान्याचा आकडा) स्वतःचं वेगळं ठेव, कारण कर्नेल तिथे गंतव्य आणि मेट्रिक जुळतं का ते बघतं, राउट कोणाचा आहे ते बघत नाही. दुसऱ्याने टाकलेला राउट पुसून आपला बसवणारा प्रोग्राम मध्यरात्री कोणालातरी उठवतो, आणि त्या माणसाला कारण शोधायला सकाळ होते.

तुझा लॅपटॉप मॅक आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. तिथे बीएसडीचा राउटिंग सॉकेट आहे, ४.३ बीएसडी रेनोपासूनचा, म्हणजे १९९० चा. हेडरमध्ये कोणकोणते पत्ते मागे आहेत याचा बिटमास्क असतो आणि मागे तेवढेच पत्ते ओळीने. एकाने लिहिलेला संदेश तो सॉकेट उघडून बसलेल्या सगळ्यांना मिळतो, लिहिणाऱ्यालाही, म्हणून क्रमांक आणि प्रोसेस आयडी पाहून आपलं उत्तर ओळखायचं. इथे तो आकडा खरोखर प्रोसेस आयडीच असतो. पत्त्यांचं अलाइनमेंट (किती बाइटच्या पटीत मांडायचे ते) मॅकवर ४ बाइटचं, ६४ बिटच्या फ्रीबीएसडीवर ८ चं. एकीकडचं कोड तसंच दुसरीकडे नेऊ नकोस. फ्रीबीएसडीने आता १३.२ पासून नेटलिंकही घेतलंय. पण तुझी सेवा लिनक्सवर चालणार असेल तर सरावही लिनक्सवरच कर.

सरावासाठी चालू सर्व्हरला हात लावायची गरज नाही. 'अनशेअर' कमांडने वेगळी यूजर आणि नेटवर्क नेमस्पेस (बाकी मशीनपासून अलग कप्पा) उघड; काही वितरणांवर साध्या यूजरला परवानगी नसते, तिथे सुडो लाव. आत एक व्हीईथ जोडी (केबलने जोडल्यासारखे दोन आभासी इंटरफेस) कर, एका टोकाला १९२.१६८.५०.१/२४ दे, दोन्ही टोकं अप कर आणि वरचा ५२ बाइटचा संदेश पाठव. गेटवेच्या जागी खरं मशीन नसलं तरी चालतं. दुसऱ्या खिडकीतून त्याच नेमस्पेसमध्ये शिरून 'आयपी मॉनिटर' (बदल येतील तसे दाखवणारी कमांड) लाव. बाइट बघायचे असतील तर 'एनएलमॉन' प्रकारचा इंटरफेस तयार करून त्यावर टीसीपीडंप चालव.

मग आधी पलीकडचं (पत्ता न दिलेलं) टोक डाउन कर आणि परत वर आण. नंतर अलीकडचं. दोन्ही वेळा मॉनिटरवर काय आलं आणि टेबलात प्रत्यक्ष काय उरलं हे शेजारी शेजारी लिही, आणि ते दोन रकाने मला पाठव. त्यानंतर आपण तुझ्या प्रोग्रामचा ऐकणारा भाग मिळून लिहू.

तुझा,
दादा